घड्याळात बसवलेला कॅमेरा

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार

दादा,

'तीर्थरूप' लिहावं एवढा तू म्हातारा झाला नाहीस, आणि 'प्रिय' लिहावं एवढा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून नुसतंच दादा. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. बाबांची भूक चांगली, झोप चांगली, आणि जिभेची धार तर विचारूच नकोस. तूही बरा असशील. तुझ्या लिफ्टा मधे न अडकता वर-खाली जात असतील.

पत्र बघून दचकू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि बाबांचा विषय निघाला रे निघाला की लिफ्टमध्ये कोणीतरी अडकतं आणि तुला धावावं लागतं. मेसेज केला तर अंगठ्याचं चित्र पाठवतोस. हे प्रकरण अंगठ्यावर भागण्यातलं नाही. कुरिअरनं पाठवतेय, मंगळवारी मिळेल.

काय हवंय ते आधीच सांगून टाकते. तू घरी यावंस. याच आठवड्यात यावंस. का, ते सांगायला मला थोडा वेळ लागेल, कारण त्यात माझी चूक आहे, आणि स्वतःची चूक सांगायची वेळ आली की मी आधी धंद्याच्या गप्पा मारते. बाबांचीच लेक ना!

तर, धंदा झकास चाललाय. साधे, डब्यासारखे कॅमेरे आता कोणीही लावतं. माझ्याकडे लोक येतात ते विचित्र कॅमेऱ्यांसाठी. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला मी बल्बच्या आकाराचा लावून दिला. होल्डरमध्ये फिरवून बसवला की काम झालं, ना वायर, ना भिंतीला भोक. उजेड देतो, गरागरा फिरून सगळीकडे बघतो, आणि त्यातून बोलताही येतं. बेकरीवाला घरी बसून फोनमधून 'हट्' म्हणतो आणि दुकानातलं मांजर पळतं. बाबा एकदा ब्रेड आणायला गेले तर छतातून आवाज आला, "काका, तो कालचा आहे, पलीकडचा घ्या." आठवडाभर जो भेटेल त्याला तेच सांगत होते. पण त्या बल्बची एक गोम आहे. बेकरीवाल्याची बायको निघताना सवयीनं दिव्याचं बटण बंद करते, की गेला कॅमेरा! मी बटणावर चिकटपट्टी लावली, 'हात लावू नये' असं ठळक लिहिलं. तिनं पट्टी काढली, बटण पुसलं आणि बंद केलं.

वाचनालयाच्या छताला माशाच्या डोळ्यासारखा गोल लावलाय. एकटा अख्खी खोली बघतो, एक कोपरा सुटत नाही. पण कडेची माणसं त्यात केळ्यासारखी वाकतात. मागच्या महिन्यात एक जाडजूड कोश गेला, तेव्हा ग्रंथपाल आणि मी तासभर चित्रण बघत बसलो. चोर स्वच्छ दिसला, पण केळं दिसलं. आता केळ्याला ओळखायचं कसं? आणि रोपवाटिकेतल्या मावशींकडे उन्हावर चालणारा आहे. वीज लागत नाही, कुठेही खांबावर टांगा. पण चार दिवस ढग आले की तो झोपतो, आणि जागा असला की पान हललं तरी 'कोणीतरी आलं' म्हणून फोन वाजवतो. रोपवाटिकेत पानं हलणार नाहीत तर काय हलणार! मावशींनी वैतागून फोनचा आवाजच बंद केलाय. आता खरोखर कोणी आलं तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

चौथा प्रकार म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला.

दिसायला साधं गोल घड्याळ. बाराच्या आकड्याखाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक, त्यामागे कॅमेरा. कोणाला संशयसुद्धा येत नाही, हा त्याचा गुण. आत जागा थोडी असल्यामुळे कंपनीनं आवाजाची सोय केलेली नाही, हा दोष. ना ऐकू येत, ना बोलता येत, नुसतं चित्र. गिऱ्हाइकाला मी हे दोन-दोनदा बजावते.

जूनमध्ये मी ते आपल्या पुढच्या खोलीत, बाबांच्या टेबलासमोर लावलं. त्यांना न सांगता. आधी रीतसर विचारलं होतं की बाबा, मी दिवसभर शिडीवर असते, तुम्ही घरात एकटे, दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरलात, एक कॅमेरा लावू का? तर म्हणाले, "माझ्यावर? मी काय बँक आहे?" मग मी गुपचूप लावलं. नवं घड्याळ आणलंय, असं मी म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि "प्लास्टिक" एवढंच म्हणाले.

हस दादा, हस. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात मी कॅमेरा लपवला तो घड्याळात! दिव्यात लपवला असता, फुलदाणीत लपवला असता. माझी अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती देव जाणे.

आता तुझ्याबद्दलचं एक सांगते. रागावू नकोस.

घड्याळ लावलं त्या दिवशी मी तुला त्याची लिंक आणि पासवर्ड पाठवला होता. तू उत्तर दिलंस, "मला काय करायचंय." ठीक आहे, म्हटलं. दादा, त्या ॲपमध्ये कोण किती वाजता बघून गेलं, किती वेळ बघितलं, याची नोंद राहते रे. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक दुसरा फोन जोडला जातो. सात-आठ मिनिटं राहतो आणि जातो. रविवारी जरा जास्त वेळ. बाबा सातला टेबलाशी बसतात हे घराबाहेरच्या कोणाला माहीत आहे सांग बरं? मला पहिल्या दिवशीच कळलं. तुला विचारावंसं वाटलं, पण विचारलं तर तू बघायचं बंद करशील अशी भीती वाटली. म्हणून मी रोज सकाळी नोंद बघायची, 'आला' म्हणायची आणि पिशवी उचलून कामाला जायची.

म्हणजे त्यांचा हात तूही बघितला असशील. स्क्रू चिमट्यात धरायचा, तो पडायचा, पुन्हा धरायचा. एकदा मी शिडीवरून फोनमध्ये बघत होते, अकरा वेळा पडला. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि हात काखेत दाबून उभे राहिले. त्या कॅमेऱ्याचा एकच गुण सांगायचा तर हा की, बाबा जे आपल्यापासून लपवत होते ते किती वाढलंय, हे त्यानं दाखवलं. पण बघून आपण काय केलं? तू तिकडे गप्प, मी इकडे गप्प.

मागच्या शनिवारी मी चारच्या सुमारास घरी आले, तर भिंतीवर नुसता खिळा. टेबलावर पांढरा कागद पसरलेला, त्यावर घड्याळाचे सुटे भाग ते मांडतात तसे ओळीनं मांडलेले, आणि मधोमध कॅमेरा. 

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"कॅमेरा," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. आठवड्याला दोन मिनिटं मागे पडतंय, ते काय आहे? माझ्या घरात! लोक बघतात ना, काय म्हणतील?"

मला वाटलं चला, तेवढ्यावर निभावलं. कसलं काय! भिंग डोळ्यावरून काढून ते म्हणाले, "कोण बघतं मला?"

"मी."

"आणि?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यांच्यासमोर नाही येत. मी सांगितलं. दादा बघतो. रोज सात दहाला. जूनपासून.

मला वाटलं आता भांडी आदळतील. त्यांनी भिंग कागदावर ठेवलं. मग विचारलं, "किती वेळ बघतो?"

"सात-आठ मिनिटं."

"रोज?"

"रोज."

"आजारी असला तरी?"

आता हे मला कसं माहीत असणार? पण मी म्हणाले, "हो, तरी."

दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांनी त्या घड्याळातलं भिकार मशीन काढून टाकलं आणि कपाटातलं जुनं चांगलं मशीन त्यात बसवलं. स्क्रू मला पकडायला लावले. कॅमेरा उचलून मी पिशवीत टाकायला गेले तर माझ्या हातातून घेतला. "राहू दे. तेवढा तरी येतो तो," म्हणाले. आणि त्याच रविवारी सकाळी, घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं असताना, तुझा मला तीन महिन्यांनी फोन आला होता. "काही नाही गं, सहज केला. सगळं ठीक ना?" सहज! चोराच्या मनात चांदणं. मीही 'ठीक' म्हणाले, म्हणजे मी काही तुझ्याहून सरळ नाही.

सोमवारी बाबा पावणेसातलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चहा लवकर दे, सातला माणूस यायचाय." कोण, विचारलं तर "तुला नसत्या चौकशा." मी आत ओट्यापाशी होते, दार अर्धवट उघडं. सात दहाला त्यांनी खुर्ची टेबलापासून ओढून घड्याळासमोर घेतली, घसा साफ केला आणि बोलायला लागले.

दादा, तू ते बघितलंस. ॲपमध्ये नोंद आहे, त्या दिवशी तू एक्केचाळीस मिनिटं होतास. तुला वाटलं असेल, म्हातारा एकट्यानं बडबडायला लागला. ते तुझ्याशी बोलत होते. बेकरीतला बल्ब बोलतो, तेव्हा घड्याळही ऐकत असणार असं त्यांनी धरून चाललंय. मी त्यांना सांगितलेलं नाही. जे तुला ऐकू आलं नाही ते मी आतून ऐकलं, आणि त्याच दिवशी लिहून ठेवलं. एक शब्द माझा नाही.

"ऐक. शाळेतल्या बाईंच्या घड्याळातला तो स्क्रू मी तिरका बसवला होता. चक्रावरचा ओरखडा माझाच. तू म्हणालास तेव्हाच मला ठाऊक होतं. पण बाई समोर उभ्या. चाळीस वर्षं सगळे म्हणतात, तुमच्या हाताला तोड नाही. मग मी तुझं नाव पुढे केलं. पोरानं बिघडवलं म्हणालो. वर तुलाच म्हणालो, माझ्या टेबलाला पुन्हा हात लावू नकोस. हात माझा थरथरत होता रे, आणि तोडला तुझा. चुकलो मी. एवढंच. तू जेवलास का वेळेवर?"

सकाळी सात वाजता जेवलास का विचारलं! मला हसू आलं आणि मग ओट्यावर डोकं टेकून मी रडले.

माझंही ऐकून घे. तीन वर्षांपूर्वी त्या शाळेतल्या बाई त्यांच्या आईचं घड्याळ दुसऱ्यांदा घेऊन आल्या, तेव्हा मी आतच होते. बाबांचा हात थरथरतो हे मला तुझ्याही आधी कळलं होतं, भाजी चिरताना. मी बाहेर येऊन एक वाक्य बोलले असते, 'बाबा, दादा खरं बोलतोय', तर तू गेला नसतास. मी पातेलं घासत राहिले. तू बॅग भरलीस तेव्हाही घासतच होते. घरात शांतता राहावी म्हणून गप्प बसले, आणि शांतता अशी राहिली की तीन वर्षं या घरात तुझं नाव निघालं नाही. मला माफ कर.

मंगळवारपासून ते रोज बोलतात. सोमवारी दुपारी स्वतः त्या बाईंकडे जाऊन आले, खरं काय ते सांगितलं, आणि ते घड्याळ पुन्हा दुरुस्तीला मागून घेतलं. मंगळवारी तुला त्याचं साग्रसंगीत वर्णन. बाई म्हणे म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही एवढे चिडला होतात!" बुधवारी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. आजवर नाव काढलं की अंगावर यायचे, या वेळी मुकाट्यानं बुटात पाय घातले. वयाबरोबर येणारा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी बराच कमी होईल, असं डॉक्टर म्हणाली. ही बातमी गुरुवारी तुला. शुक्रवारी तुझ्या लिफ्टांना सल्ला, की दोरांना तेल वेळच्या वेळी घाला. काल नुसतेच हवापाण्याबद्दल बोलले.

आणि रोज बोलून झालं की दोन मिनिटं तसेच बसतात, मान जरा तिरपी करून. घड्याळातून उत्तर येईल म्हणून. मग उठतात आणि मला ऐकू जाईल असं म्हणतात, "विचार करत असेल. त्याला वेळ लागतो. लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा लागायचा."

दादा, त्यांना वाटतंय की तू सगळं ऐकलंस आणि सात दिवस उत्तर दिलं नाहीस. म्हणून मी घाई करतेय.

त्यांना खरं का सांगत नाही, विचारशील. सोमवारी जीभच रेटली नाही. एकदा फसवलं होतं, त्यांनी ते पोटात घातलं, आणि आता पुन्हा सांगायचं, की बाबा, मन मोकळं केलंत ते भिंतीपाशी? मंगळवारी सोमवारपेक्षा कठीण झालं, बुधवारी मंगळवारपेक्षा. तो माफीचा शब्द बाहेर यायला तीन वर्षं लागली. वाया गेला म्हणून कळलं तर पुन्हा येईल का? तूही तसलाच, खाण तशी माती.

माझ्या पिशवीत ऐकणारे, बोलणारे चार कॅमेरे पडलेत. अर्ध्या तासाचं काम आहे. हे घड्याळ काढून दुसरं लावलं की सात दहाला ते बोलतील, तू बोलशील. शप्पथ सांगते, दोनदा हातात घेतला. पण मी तुम्हां दोघांना ओळखून आहे. सोय झाली की तुम्ही दहा वर्षं घड्याळातूनच बोलाल आणि त्यातच खूश राहाल. म्हणून मी तो लावणार नाही.

बाईंचं घड्याळ टेबलावर उघडून ठेवलंय. तो एकच स्क्रू राहिलाय. मी लावते म्हटलं तर म्हणाले, "तू भिंती खोद." त्यांच्या टेबलाशी तू कामाला बसायचास ते स्टूल माळ्यावर होतं, ते परवा खाली आलंय. मी काढलेलं नाही. त्यांनी शिडी कशी लावली, कधी लावली, विचारायची मला हिंमत नाही. मीच विकत घेतलेली शिडी, आणि तेवढ्या वेळातलं चित्रण बघायचंही मी टाळलं.

आज रविवार, म्हणून तू पंचवीस मिनिटं होतास. आज त्यांचं रोजच्यासारखं बोलणं झालंच नाही. खुर्चीत बसले, घड्याळाकडे बघत राहिले. मग पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "ऐकू येतंय ना रे तुला?"

मी दाराआड होते. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं. ते त्यांना तुझ्याकडून हवंय.

या वेळी गप्प न बसलेली,
तुझी धाकटी